निंबाखालची कबर आणि शिरगणती

ऋता आणि ओजस,

तुम्ही कॅनडातून पाठवलेला आपल्या घराण्याचा वृक्ष मी मोठ्या अक्षरात छापून घेतला आणि जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. तुमच्या आजोबांची बाजू छान भरली आहे. माझ्या बाजूला मात्र माझ्या वडिलांच्या वर एकच चौकोन आहे. त्यात माझ्या आजोबांचं नाव, याकोब, आणि नावापुढे तुम्ही टाकलेलं प्रश्नचिन्ह. ‘आजी, यांची कबर अकोल्याला आहे ना? फोटो मिळेल का?’ असं ऋतानं विचारलं होतं. त्याला वर्ष होत आलं. मी ‘बघते’ म्हटलं आणि बघितलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या वृक्षवाल्या कंपनीचाच भरवसा वाटेना. मेलेल्या माणसांची नावं फुकट गोळा करणारा ती कुठे नेऊन ठेवतो, हे आपल्याला कोण सांगणार?

आता लिहायला बसले, कारण यंदाच्या फाल्गुनात दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. जनगणनेची मुलगी दारात आली, आणि अकोल्याहून शैलाचा फोन आला. शैला म्हणजे माझ्या मामेभावाची सून. अकोल्याच्या दफनभूमीतल्या आपल्या कबरीला दरवर्षी ईस्टरच्या आधी चुना तीच लावून घेते. ती म्हणाली, “आत्याबाई, ज्या कबरीवर नाव नाही ना, त्या ईस्टर झाला का सपाट करणार म्हणतात. जागाच उरली नाही. घरच्या माणसानं येऊन कोणाची हाय ते सांगायचं आन् पाटी लावायची. तुमी लवकर या. थो सेक्रेटरी लय खडूस हाय.”

मी म्हटलं, येते. आपल्या आजोबांचं नाव सांगायला कितीसा वेळ लागतो?

*

फाल्गुन मला कधीच सरळ वाटलेला नाही. पहाटे पांघरूण लागतं आणि दुपारी पंखा. वारा दिशा बदलतो, पण कुठून कुठे, ते धड कळू देत नाही. अमरावतीहून भातकुलीच्या बाजूला निघालं की काळ्या रानात तुरीच्या तुराट्यांचे ढीग दिसतात. वेचून संपलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीवर कुठे कुठे एखादं बोंड विसरल्यासारखं पांढरं राहिलेलं असतं. पळस फुललेला असतो, पण त्याला वास नाही. इतकं लाल होऊनही वास न देणाऱ्या झाडाबद्दल मला लहानपणापासून शंका आहे.

आम्हा ख्रिस्ती घरांमध्ये हा उपवासकाळ. लोक रंग खेळत तेव्हा आमच्या अंगणात घमेल्यात चुना भिजत असे. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो फसफसतो, वाफा सोडतो. मग दोन दिवस त्याचा गार, ओला वास घरभर राहतो. ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत जायचं, आणि त्याआधी घरच्या कबरी पांढऱ्या करायच्या, अशी आमची रीत. तो वास आला की आजही मी नऊ वर्षांची होते, आणि अकोल्याच्या त्या दोन खोल्यांच्या घराच्या पडवीत जाऊन उभी राहते.

परवा तो वास नव्हता. एका प्रश्नानं मला तिथे नेलं.

जनगणनेची मुलगी शाळेत शिक्षिका आहे. उन्हानं लाल झाली होती बिचारी. तरी मी तिचं ओळखपत्र दोनदा मागितलं. तिनं दोन्ही वेळा दाखवलं आणि हसून म्हणाली, “आजी, बघा, फोटो माझाच आहे. फक्त तेव्हा बारीक होते.” मोबाईलवर बोट सरकवत ती विचारत गेली. नाव, वय, धर्म, शिक्षण. मग म्हणाली, “एकूण अपत्यं किती झाली? हयात किती?”

“एक आणि एक,” मी म्हटलं. तो एक म्हणजे तुमचा बाप.

आणि त्याच क्षणी माझ्या कानात दुसऱ्याच बाईचा आवाज आला. ‘दोन. दोन लिहा.’

*

माझ्या वडिलांच्या आईला आम्ही सगळे माय म्हणत असू. नाव सारूबाई, पण त्या नावानं तिला हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. ती आणि आजोबा दोघंही मोठ्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयात आलेली पोरं. आजोबा हिवरखेडच्या पाटलाचे, असं बाबा सांगत. आमच्या वस्तीत ज्याला विचारावं तो कुठल्या ना कुठल्या पाटलाचाच असे. दुष्काळात फक्त पाटलांचीच पोरं अनाथ झाली होती की काय, हा प्रश्न मी एकदा विचारला आणि कान पिळून घेतला.

तर मी नऊ वर्षांची असताना शिरगणती आली. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती. शिरगणतीचे मास्तर आमच्या पडवीतल्या बाजेवर बसले, मांडीवर पाटी, पाटीवर कागद. माय सुपात तुरीची डाळ निवडत होती. कुंपणापलीकडे खैरूनमावशी उभी होती. तिचा नवरा गाद्यांचा कापूस पिंजायचा, आणि आमच्या घरात काय चाललंय ते आमच्या आधी तिला कळायचं. बाबा मास्तरांसमोर इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. ते जमीन मोजणीच्या खात्यात होते. सरकारी माणसापुढे सरकारी माणसासारखं बसावं, अशी त्यांची समजूत.

“बाई, मालकाचं नाव सांगा,” मास्तर म्हणाले.

“सामूले इचारा,” माय सुपातून मान वर न करता म्हणाली. सामू म्हणजे बाबा. शमुवेलचं सामू.

“तुमच्या तोंडून हवं. नियम आहे.”

कुंपणावरून खैरूनमावशी ओरडली, “मास्तर, बुढी मर जाएगी, पर नाव नहीं लेगी! लिखो, याकोब. मैं बोलती ना.”

“देवळात बसून बायबलातली एवढी लांब वंशावळ ऐकतेस, माय,” बाबा म्हणाले, “आन् तुह्या तोंडून एक नाव निघत नाही.”

“थे दुसऱ्याईचे नवरे हायेत,” माय म्हणाली. मास्तरसुद्धा हसले.

बाप्तिस्मा झाला तरी ही रीत आमच्या बायकांनी सोडली नव्हती. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. मास्तरांनी याकोब लिहिलं आणि विचारलं, “हयात आहेत?”

“मले काय ठाऊक?” माय म्हणाली. “गावोगाव तुमीच मोजून राहिले ना? दिसला त सांगजा.”

खैरूनमावशी इतकी हसली की तिला खोकला आला. बाबा हसले नाहीत. “विधवा लिहा,” ते म्हणाले.

“मुलं किती झाली?”

“मी एकटाच,” बाबा म्हणाले.

“दोन,” माय म्हणाली.

“माय, नातवंडं नाही विचारून राहिले. पोटची.”

“मले समजते. दोन. दोन लिहा.”

आता बाबा हसले, आणि जरा जास्तच मोठ्यानं हसले. “वय झालं तिचं, मास्तर. एक लिहा.”

मास्तरांनी काहीतरी लिहिलं. मी मागेच उभी होते, पण त्यांनी कागदावर आडवा हात धरला होता. त्या हाताचा मला तेव्हा राग आला होता. पुढे कॉलेजात इंग्रजी शिकवताना मी ग्रंथालयातून जनगणनेचे जुने जाड ग्रंथ काढून पाहिले. गावाचं नाव असतं, घरं किती, पुरुष किती, बायका किती. माणसाचं नाव कुठेच नाही. मूळ कागद पाहता येतात का, म्हणून चौकशी केली. कोणालाही दाखवत नाहीत, असं कळलं. म्हणजे त्या दिवशी एक लिहिलं की दोन, ते त्या हाताखालीच राहिलं.

*

त्या वर्षीचा ईस्टर मला सगळ्यात स्पष्ट आठवतो. उजाडायच्या आत सगळी वस्ती गात गात दफनभूमीकडे निघायची. आपली कबर भिंतीजवळ, निंबाखाली. तिला दगड नाही, पाटी नाही. विटांचा चौथरा, त्यावर चुन्याचे थरावर थर. बाबा टोपी काढून उभे राहत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “आमचे वडील.” माय कबरीच्या उशाशी बसे आणि पदराच्या गाठीतून साखरगाठी काढी. होळीच्या दिवसांत बाजारात लेकरांसाठी त्या रंगीत साखरेच्या माळा येतात ना, त्यातली एक ती ईस्टरपर्यंत डब्यात राखून ठेवी. ती कबरीवर ठेवायची आणि तिच्याकडे टक लावून बसायची.

“मुंग्या खातील,” मी एकदा हळहळून म्हटलं.

“खाऊ दे. मुंग्याईले कोण देते?”

आजोबांना गोड फार आवडायचं, असं बाबांनी मला सांगितलं. मी ते मानलं. एवढ्या दाढीच्या माणसाला साखरेची माळ कशी आवडत असेल, असं मनात आलं होतं, पण आजोबांना दाढी होती की नव्हती हे तरी मला कुठे माहीत होतं? घरात त्यांचा फोटो नव्हता. गोष्टी मात्र पुष्कळ होत्या, आणि सगळ्या बाबांच्या तोंडून आलेल्या.

आता आठवून पाहते तेव्हा लक्षात येतं, की ही तुझ्या आजोबांची कबर, असं माय मला कधीच म्हणाली नाही. ती फक्त म्हणायची, “चला, भेटून येऊ.” बाई ज्याचं नाव घेत नाही तो तिचा नवराच, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. कोणी विचारायला गेलं नाही. विचारणार तरी काय? ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याचंच नाव?

दोन वर्षांनी बाबांची बदली अमरावतीला झाली. माय इथेच गेली, इथेच तिची कबर आहे. बाबा दर ईस्टरला एकटेच अकोल्याला जात राहिले. आम्हाला नेत नसत. गाडीला गर्दी असते, म्हणत. माझं लग्न झाल्यावर सासरच्या कबरी इथल्या. ईस्टरची पहाट एकच असते आणि ती एकाच दफनभूमीत घालवता येते. म्हणून त्या निंबाखाली मी अकराव्या वर्षानंतर पाऊल ठेवलं नव्हतं.

*

सेक्रेटरी दफनभूमीच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. सेवानिवृत्त गृहस्थ, गळ्यात चष्म्याची दोरी. शैलानं ओळख करून दिली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“वय काय तुमचं, बाई?”

“कशाला?”

“राग नका मानू. पण लोक येतात, ही कबर आमच्या आजोबाची म्हणतात, पाटी लावतात. आन् सहा महिन्यानं स्वतःच झोपायले येतात. घरच्या कबरीत घरचा माणूस चालते ना, मंग आमाले नाही म्हणता येत नाही.”

शैला पदराआड हसली. मी त्यांना सांगितलं, की माझी जागा अमरावतीला नवऱ्याच्या शेजारी ठरलेली आहे आणि मला घाईसुद्धा नाही. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. ते आमच्या मागोमाग आले.

निंब होता. भिंतही होती. भिंतीजवळची कबर स्वच्छ पांढरी होती. मी चष्मा पुसला, कारण मला वाटलं शैला भलत्याच कबरीला चुना लावत आली आहे.

माझ्या आठवणीत ती कबर बाजेएवढी लांब होती. समोर होती ती पाळण्यापेक्षा थोडीशी मोठी.

“हीच का गं?”

“हीच, आत्याबाई. सासऱ्यांनी हीच दाखवली मले. काहून?”

माझ्या पर्समध्ये शिवणाची फीत असते. ओजस, तू त्यावरून मला हसतोस. मी एक टोक शैलाच्या हातात दिलं. साडेतीन फूट भरली, आणि तीसुद्धा चुन्याच्या थरांसकट.

“ही पोराईची ओळ हाय, बाई,” सेक्रेटरी म्हणाले. “भिंतीकडची सगळी. इथं मोठ्या माणसाले जागा देतच नव्हते.” मग त्यांनी डोळे बारीक केले. “तुमचे आजोबा काय एवढे बुटके होते?”

मी निंबाच्या पारावर बसले. शैला पाणी घेऊन आली. सेक्रेटरी जरा दूर जाऊन उभे राहिले, पण नजर माझ्यावरच. एक म्हातारी जागा बळकावायला आली होती आणि तिचा डाव फसला, असं त्यांना वाटत असणार. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

त्या पारावर मला एकेक गोष्ट सुचत गेली, आणि प्रत्येक गोष्ट इतकी वर्षं उघड्यावर पडलेली होती. मायच्या हातात शेवटपर्यंत काचेच्या बांगड्या होत्या. ख्रिस्ती बाईला कसली बंधनं, असं लोक म्हणत. पण आमच्याच वस्तीतल्या बाकीच्या विधवांचे हात रिकामे होते. साखरगाठी लेकरांना देतात, दाढीवाल्यांना नाही. आणि सगळ्यात साधी गोष्ट बाबांच्या हाकेतली. आमच्याकडे आई नवऱ्याचं नाव घेत नाही, तसंच थोरल्या लेकाचंही घेत नाही. वस्तीतले सगळे थोरले बापू नाहीतर भाऊ होते. माय मात्र बाबांना गल्लीच्या टोकापासून हाक मारायची, “सामू! ओ सामू!” एकुलता एक, म्हणजे थोरलाच, तरी त्याचं नाव ती दिवसातून दहादा घेत होती. आम्ही ती हाक रोज ऐकली आणि आम्हाला कधी शंका आली नाही. मी, जी कोणावरही शंका घेते.

बाबांना हे कळलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. ज्यानं आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, त्यानं दरवर्षी आपल्या हातानं त्या चौथऱ्याला चुना लावला. साडेतीन फूट त्याच्या नजरेला दिसले नसतील? पण आजोबा कुठेतरी निघून गेले होते. कुठे आणि का, ते मला माहीत नाही, आणि ते पाटलाचे होते की नव्हते हेही नाही. निघून गेलेल्या बापाची कबर नसते, आणि ईस्टरच्या पहाटे प्रत्येक जण कुठल्यातरी कबरीजवळ उभा असतो. बाबांना उभं राहायला एक जागा हवी होती. ती त्यांनी थोरल्या भावाकडून घेतली. मायनं ती घेऊ दिली. फक्त शिरगणतीच्या मास्तरांसमोर तिनं एकदा हिशेब सरळ करून पाहिला, आणि बाबांनी तो हसण्यावारी नेला.

माझ्या या तर्कावरही मी शंका घेऊन पाहिली. शैलाच्या सासऱ्यांनी चुकीची कबर दाखवली असेल का? पण निंब तोच आहे, आणि भिंतीच्या त्या कोपऱ्यातला उभा तडा मला नऊ वर्षांच्या उंचीवरून पाठ आहे. कबर वर्षांनी खचते, पण लांबीला आखडत नाही.

“मंग काय करायचं?” सेक्रेटरी जवळ आले. “नाव सांगता का? नाही त ईस्टरनंतर सपाट होईन. माह्या हाती काही नाही.”

“नाव घेत नाहीत,” मी म्हटलं.

“म्हणजे माहीत नाही?”

“माहीत नाहीच. पण माहीत असतं तरी आमच्याकडे घेत नाहीत. थोरला होता तो.”

“मंग पाटीवर काय लिहू? अज्ञात?”

“अज्ञात कसा? त्याच्या आईला तो माहीत होता. लिहा, ‘सारूबाईचा थोरला’.”

ते चष्मा नाकावर चढवून म्हणाले, “हे काही नाव नाही झालं. पण चालवून घेऊ. कोणाची हाय ते त कळलं.” फाटकाशी आम्ही पोचलो तेव्हा त्यांना पुन्हा शंका आली. “पण बाई, मंग तुमचे आजोबा कुठं हायेत?”

“मले काय ठाऊक?” मी म्हटलं. माझ्या तोंडात वऱ्हाडी फार वर्षांनी आली. “तुमी गावोगावच्या कबरी पाहून राहिले ना? दिसले त सांगजा.”

शैलाला त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं, ते तिला समजावून सांगायला मला अकोला स्टेशनपर्यंतचा रस्ता लागला. एक साखरगाठी मी तिच्याजवळ ठेवून आले. ईस्टरला ठेव म्हटलं. ती म्हणाली, “मुंग्या लागतीन ना, आत्याबाई.”

*

तेव्हा ऋता, याकोब आजोबांच्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह आहे तिथेच राहू दे. त्यांच्याखाली, माझ्या वडिलांच्या आधी, आणखी एक चौकोन काढ आणि तो रिकामा ठेव. तुझी कंपनी नावाशिवाय चौकोन घेत नसेल तर तिचा नाद सोड आणि कागदावर पेनानं काढ. ओजसला सांग, फीत मी अजून पर्समध्येच ठेवते.

तुम्ही मागितलेला फोटो सोबत पाठवते आहे. अकोल्याच्या दफनभूमीत भिंतीजवळ निंब अजून आहे. त्याच्याखाली साडेतीन फुटांची एक कबर आहे, यंदाचा चुना लागलेली. तिच्यावर आता पाटी आहे.